अर्धी कापलेली पानं

"बाई, आज दुपारी दोन वाजता ते झाड तोडणार आहेत. आणि ज्या पत्राच्या जोरावर तोडणार आहेत, त्याखाली सही तुमची आहे."

सकाळचे साडेसात वाजले होते. तिखटबाई पलंगाच्या कडेला बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. फोनवरच्या बाईने ना नमस्कार केला होता, ना आपण कोण ते सांगितलं होतं.

"कोण बोलतंय?"

"कलमकाकांची मुलगी. चौदा वर्षं खपून ज्यांनी एक सफरचंदाचं झाड वाढवलं, आणि ज्यांना तुम्ही लबाड ठरवलंत, त्यांची."

"आवाज चढवू नकोस."

"चढवणार. बाबांनी बारा दिवसांत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मला एवढंच सांगा, ती फळं तुम्ही चाखली तरी होती का?"

तिखटबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. नव्या फळाला मान्यता द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या वाण मंडळात त्या मुख्य परीक्षक होत्या. तोंडावर सगळे त्यांना बाई म्हणत आणि पाठ वळली की तिखटबाई. हे त्यांना माहीत होतं आणि त्यांची त्याला हरकतही नव्हती.

फळं त्यांनी चाखली नव्हती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या घरी पडून होत्या. दोन नवशिक्या परीक्षकांनी फळं चाखली, आकडे भरले, पत्र घरी पाठवलं, आणि बाईंनी उशीला टेकून सही ठोकली.

"नाही चाखली," त्या म्हणाल्या. "मी निघते."

गाडीत त्यांनी फाइल मांडीवर उघडली आणि पानागणिक त्यांचा पारा चढत गेला.

गेली तीन वर्षं कलमकाका मंडळाकडे आपल्या झाडाची फळं पाठवत होते. ती मात्र बाईंनी स्वतः चाखली होती. पहिला घास किंचित आंबट, मागून गोडी, आणि गिळल्यावरही नाकात रेंगाळणारा वास. साखरमापकावर आकडा पंधरा. यंदा शेवटची चाचणी होती. काका नोकरीला होते त्या संशोधन केंद्रातल्या झाडाभोवती जाळीचा पिंजरा उभा केला, झाडावर चाळीस फळं ठेवली आणि प्रत्येकाला मंडळाचा शिक्का मारलेली पांढरी कागदी पिशवी घातली. पिंजऱ्याला कुलूप. चाचणी संपेपर्यंत खुद्द कलमकाकांनाही आत जायला बंदी. चार महिन्यांनी फळं उतरवली. शेरा असा होता: दिसायला देखणी, चवीला पाणी, साखर अकरा. मग निष्कर्ष निघाला की आधीची फळं या झाडाची नव्हतीच. कलमकाकांनी मंडळाच्या डोळ्यांत धूळ फेकली.

"अकरा?" बाई मोठ्यांदा म्हणाल्या. ड्रायव्हरने दचकून आरशात बघितलं.

पिशवीतलं फळ थोडं फिकं लागतं, हे त्यांना नवीन नव्हतं. पिशवी फळाला किडीपासून, डागांपासून, उन्हाच्या चटक्यापासून वाचवते, साल तुकतुकीत करते, आणि त्या बदल्यात थोडी गोडी, थोडा वास काढून घेते. पण थोडाच. शिवाय मंडळाची पिशवी पांढऱ्या कागदाची, तिच्यातून उजेड आत जातो. पंधराचे चौदा झाले असते तर कुणी विचारलंही नसतं. पंधराचे अकरा होतात आणि त्या दोन शहाण्यांना एक प्रश्न पडत नाही! आणि आपल्यालाही पडला नाही, हे आठवून त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी ऑफिसातल्या कारकुनाला फोन लावला. "यंदा सफरचंदाच्या नव्या वाणांसाठी किती अर्ज आलेत ते काढ. अर्जदार कोण, झाड कुठलं, सगळं. आणि चहा पिऊन झाल्यावर नको, आत्ता."

केंद्राच्या फाटकाशीच कलमकाकांची मुलगी उभी होती. पस्तिशीची, शाळेत शिकवणारी, डोळे रडून सुजलेले आणि तरी नजर धारदार.

"आलात," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात आभार वगैरे नव्हते.

संचालकांनी मात्र तोंडभर हसून स्वागत केलं. खुर्ची, पाणी, गुडघ्याची चौकशी.

"गुडघा राहू द्या," बाई म्हणाल्या. "झाड तोडायची एवढी घाई कसली?"

"घाई कसली बाई, वाण नामंजूर झालाय. त्या जागेवर शीतगृह वाढवायचंय. दोन वर्षं मागतोय मी ती जागा."

"म्हणजे झाड नामंजूर झालं ते तुमच्या पथ्यावरच पडलं."

संचालकांचं हसू आटलं. "मी तोडायचं म्हटलं नव्हतं. पुढच्या वर्षी बघू म्हणत होतो. मलाच सुचवण्यात आलं, की रोज ते झाड दिसतं आणि काकांना त्रास होतो. आता करवतवाला ठरलाय. आणि तुमच्याच सहीचं पत्र आहे माझ्याकडे."

"कुणी सुचवलं?"

"घरच्यांनीच."

"पिंजऱ्याची किल्ली कुठे असते?"

संचालकांनी भिंतीकडे बोट दाखवलं. दाराशेजारी खिळा होता आणि खिळ्याला किल्ली लटकत होती.

"चारही महिने इथेच?"

"हो."

"कोण नेतं, कधी आणतं, त्याची नोंद?"

"नोंद अशी नाही. सगळी आपलीच माणसं आहेत."

"कुलूप लावलंत आणि किल्ली खिळ्याला टांगलीत!" बाई कडाडल्या. "मग कुलूप कशाला लावलंत साहेब? शोभेला?"

चाचणीची दहा फळं आणि सगळ्या पिशव्या महिनाभर जपून ठेवायच्या असा मंडळाचा नियम होता. शीतगृहातल्या खोलीत एका लाकडी खोक्यात ते सगळं मिळालं. बाईंनी एक फळ उचललं आणि खिडकीशी नेलं.

फळ फारच देखणं होतं. चहूबाजूंनी सारखं गुलाबी, एक डाग नाही, एक ओरखडा नाही. बाईंनी देठाजवळच्या खळीत बघितलं, मग फळ उलटं करून बुडाशी बघितलं. लाली जिथे पोचली नव्हती तिथे साल दुधासारखी पांढरट होती. हिरव्याचा मागमूस नव्हता. त्यांनी सगळी दहा फळं तशीच पाहिली, एक कापलं, एक फोड खाल्ली आणि राहिलेलं फळ खोक्यात टाकून दिलं.

"कसं आहे?" मुलीने विचारलं.

"पाणी," बाई म्हणाल्या. मुलीचा चेहरा उतरला.

मग पिशव्या. बाहेरून त्या पावसाने, धुळीने पिवळट झाल्या होत्या. चार महिने झाडावर लटकल्याची खूण पटत होती. शिक्के जागच्या जागी होते. बाईंनी एक पिशवी फाडून उलगडली. आतल्या बाजूने ठिकठिकाणी करडे-काळे पुसट डाग होते, स्लेटवर हात घासल्यावर तळव्याला लागतात तसे. दुसरी फाडली. तिच्यातही तेच. तिसरीतही.

"या पिशव्या बांधल्या कुणी?"

"मुकादमबाईने," संचालक म्हणाले. "मंडळाच्या माणसांसमोर. तिचं आणि काकांचं हाडवैर आहे बरं का. तिच्या बायका फळं आपटतात अशी तक्रार केली होती काकांनी. तिची बढती अडली."

मुकादमबाई बाहेरच्या ओळीत होती. चाळीस बायकांची टोळी तिच्या हाताखाली. त्या बायका फळांभोवतीची पानं अंगठ्याच्या नखाने देठासकट खुडत होत्या, फळांवर ऊन पडावं म्हणून. बाईंना बघून मुकादमबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्यावर आलंच असेल सगळं," ती म्हणाली. "काकांचं आणि माझं पटत नाही, हे जगजाहीर आहे. पण झाडाचं मी काय वाकडं करू? झाडाने काय घोडं मारलंय माझं?"

"ही पिशवी तू बांधलीस?"

मुकादमबाईने पिशवी हातात घेतली. तोंडाशी असलेली बारीक तार बोटांनी चाचपली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पिशवी मी घातली. पण ही बांधणी माझी नाही."

"कशावरून?"

"तारेचं टोक बाहेर ठेवलंय. वाऱ्याने पिशवी हलली की टोक शेजारच्या फळात घुसतं. मी टोक आत दुमडते. माझ्या बायकांनाही तेच शिकवलंय, न दुमडणारीला मी घरी पाठवते. आणि हे बघा, तारेला किती ठिकाणी मोड पडलाय. ही एकदा बांधून सोडलीय, पुन्हा बांधलीय. पुन्हा सोडलीय वाटतं."

"हे तू तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

"मला विचारलं कुणी?" मुकादमबाई उसळली. "तुमचे ते दोन साहेब आले, नाकाला रुमाल लावून फळं खाल्ली आणि गेले. आम्ही काय, हात. हाताला कुणी विचारतं का?"

रास्त होतं ते.

पुढच्या ओळीत एक उंच, नीटनेटका माणूस शिडीवर उभा होता. बाईंना बघताच तो खाली उतरला.

"नमस्कार बाई. मी कलमकाकांचा जावई. इथे पर्यवेक्षक आहे. तुम्ही एवढ्या लांब आलात, बरं वाटलं. पण खरं सांगू? आता उकरून काय उपयोग? बाबांचं वय झालंय. चूक होते माणसाच्या हातून."

"बाबांनी चूक केलेली नाही," त्याची बायको म्हणाली.

"नसेलही गं," तो मऊ आवाजात म्हणाला. "मी त्यांच्या भल्याचंच बोलतोय."

"ही ओळ तुमची?" बाईंनी विचारलं.

"हो. भेट द्यायच्या महागड्या खोक्यांसाठीची फळं ही. आधी पाच वर्षं मी अशाच बागेत होतो, तिथे शिकलो." बोलता बोलता त्याने खिशातून छोटी कात्री काढली, फळावर सावली धरणारं एक पान मधोमध कापलं, अर्धं झाडावर ठेवलं, आणि फळ देठावर अलगद फिरवून त्याची फिकी बाजू उन्हाकडे केली. "गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी खातं बाई."

"आणि मग जिभेने," बाई म्हणाल्या. "या ओळीला पिशव्या कुठल्या लावता?"

"दुपदरी. बाहेरची तपकिरी, आतली काळी, सुटी निघते. गोदामात ढीग आहे, कुणीही घेतं. का बरं?"

"सहज."

कलमकाका केंद्राच्या आवारातल्या दोन खोल्यांच्या घरात राहत. पुढच्या खोलीत एका लोखंडी खुर्चीवर ते बसले होते. दाढी वाढलेली, बोटं कलमांच्या सुरीने जागोजागी चिरलेली. बाईंना बघून उठले.

"काका, फळं उतरवली तेव्हा तुम्हाला दाखवली होती?"

"टेबलावर मांडली होती. लांबून बघितली."

"मग?"

"मग घरी आलो."

"चाखली नाहीत?"

"नाही."

"चौदा वर्षांचं काम टेबलावर मांडलंय आणि तुम्हाला एक फोड खावीशी वाटली नाही?"

काकांनी दारात उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं आणि मान खाली घातली. "बाई, मला काही सांगायचं नाही. झाड तोडू द्या."

"बाबा!" मुलगी ओरडली.

"तोडू द्या म्हटलं ना," काका म्हणाले, आणि आतल्या खोलीत निघून गेले.

बाईंनी घड्याळ बघितलं. साडेबारा झाले होते.

पिंजऱ्याचं दार उघडून त्या झाडाखाली गेल्या. संचालक मागोमाग आले. झाड दीड माणूस उंच, डेरेदार, पानांनी भरलेलं. पण जिथे जिथे फळं होती, तिथली पानं अर्धीच उरली होती.

"अळी," संचालक म्हणाले. "यंदा फार झाली."

"साहेब, अळीने खाल्लेल्या पानाची कड कशी असते? आणि ही बघा."

संचालकांनी वाकून बघितलं. कड सरळ होती.

बाईंनी शिडी मागवली. ऑपरेशन होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी शिडीचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं होतं. एकेका पायरीवर डॉक्टरांना, संचालकांना आणि स्वतःला शिव्या देत त्या वर चढल्या. शेंड्याकडच्या तीन फांद्यांची टोकं नव्हती. तिरपा, स्वच्छ काप होता आणि त्यावर खपली धरून बरेच महिने झाले होते.

"काकांनी इथून काड्या काढल्या होत्या का गं? कलमांसाठी?"

"छे!" खालून मुलगी म्हणाली. "मान्यता मिळेपर्यंत एकही काडी बाहेर द्यायची नाही, असा बाबांचा हट्ट होता. घरात यावरून वाद व्हायचे."

"कुणाशी?"

मुलगी थांबली. "होतात घरात वाद," ती म्हणाली.

बाई उतरायला वळल्या आणि तशाच थांबल्या. मधल्या खोडाला चिकटून, पानांच्या झुबक्यात एक फळ होतं. एक्केचाळिसावं. मोजताना कुणाला दिसलं नव्हतं, म्हणून त्याला पिशवी घातली नव्हती. एका गालावर पाखराने चोच मारलेली, सालीवर तांबूस खडबडीत डाग, उन्हाकडची बाजू गर्द लाल, सावलीकडची हिरवी. बाजारात कुणी फुकट घेतलं नसतं.

त्यांनी ते तोडलं, शिडीवरच पदराला पुसलं आणि चावा घेतला.

किंचित आंबट. मग गोडी. मग तो वास.

खाली येऊन बाईंनी पर्समधून साखरमापक काढला, फळाचा रस त्याच्या काचेवर पिळला, डोळ्याला लावला आणि संचालकांच्या हातात दिला.

"वाचा. मोठ्याने."

"सोळा," संचालक पुटपुटले.

बाईंनी उरलेलं फळ मुलीच्या हातात ठेवलं. "खा. तुझे वडील खोटं बोललेले नाहीत. आणि पोरी, पुढचं मी सगळ्यांसमोर बोलणार आहे. तुला ते आवडणार नाही. घरी जायचं असेल तर आत्ता जा."

"मी कुठेही जाणार नाही," मुलगी म्हणाली.

पावणेदोनला करवतवाला आला. त्याला बाजूला बसवून बाईंनी सगळ्यांना झाडाखाली बोलावलं. संचालक, मुकादमबाई, जावई, मुलगी. कलमकाकांना आणायला मुकादमबाई स्वतः गेली होती. काय बोलली कोण जाणे, पण काका तिच्यामागून चालत आले. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. कारकुनाचं बोलणं त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, एवढंच म्हणाल्या, "तो कागद जपून ठेव," आणि फोन बंद केला.

"आता नीट ऐका," त्यांनी सुरुवात केली. "मी एकदाच सांगणार आहे, कारण मला प्रचंड राग आलाय. पहिला राग माझा माझ्यावर. न चाखता सही केली. दुसरा राग पुढे सांगते.

"हे फळ बघा. देखणं गुलाबी. मंडळाची पांढरी पिशवी पातळ असते, तिच्यातून उजेड जातो. तसल्या पिशवीत वाढलेल्या फळाच्या खळीत हिरवा रंग उरतोच. इथे एकाही फळात नाही, सगळी दुधासारखी. फळ असं कधी होतं? मुकादमबाई, सांग."

"अंधारात वाढलं तर," मुकादमबाई म्हणाली. "काळ्या पिशवीत हिरवेपणा धरतच नाही. मग पिशवी काढली की कोऱ्या सालीवर पंधरा-वीस दिवसांत असला गुलाबी रंग चढतो."

"बरोबर. पण जाळीबाहेरून तर सगळ्यांनी चार महिने धुळकट पांढऱ्याच पिशव्या पाहिल्या. कारण काळी पिशवी पांढरीच्या आत होती. या पांढऱ्या पिशव्यांच्या आतले डाग बघा. काळा कागद घासून पडलेत. तारा बघा, प्रत्येक तार तीनदा बांधलीय. पहिल्यांदा मुकादमबाईने. मग कुणीतरी ती सोडली, आत काळी पिशवी चढवली आणि पुन्हा बांधली. उतरणीच्या तीन आठवडे आधी पुन्हा सोडली, काळी काढून घेतली आणि पांढरी तेवढी बांधली. किल्ली काय, खिळ्यालाच होती."

संचालकांनी रुमालाने मान पुसली.

"अंधाराने गोडी मारली, वास मारला. उरलंसुरलं शेवटच्या तीन आठवड्यांत गेलं. फळाचं अन्न पानांत शिजतं, आणि नेमकी फळाजवळची पानं या गृहस्थाने कापून टाकली. तेही कशासाठी? रंग सारखा यावा म्हणून! पांढरा फटक नग परीक्षकांसमोर गेला असता तर त्यांनाही शंका आली असती, एवढं त्याला कळत होतं. रंग आणणं भागच होतं. पण थोडाफार आणला असता तरी चाललं असतं. त्याला ते जमेना. पाच वर्षं भेटीच्या खोक्यांसाठी फळं रंगवलेला हात. त्याने एकेक पान कापलं, एकेक फळ फिरवलं. चाळीसच्या चाळीस, चहूबाजूंनी सारखी."

बाईंनी एकेकाकडे बघितलं.

"संचालकांना जागा हवी होती, पण त्यांना अळी आणि कात्री यांतला फरक कळत नाही. मुकादमबाईचा काकांवर राग होता, पण तिची माणसं पान नखाने खुडतात, देठासकट. कात्रीने मधोमध कापून अर्धं पान ठेवणारा माणूस या केंद्रात एकच आहे. आज सकाळी त्याने माझ्यासमोर कापलं."

सगळ्यांच्या माना जावयाकडे वळल्या. तो हसायचा प्रयत्न करत होता.

"बाई, पान कापणं हा काय गुन्हा झाला? आणि मी असं का करीन? हे माझ्या सासऱ्यांचं झाड आहे."

"सांगते का ते. गेल्या हिवाळ्यात या शेंड्याच्या काड्या गेल्या. वसंतात मंडळाकडे नव्या वाणाचा एक अर्ज आला. आंबटगोड, वास टिकणारं, उन्हाकडे गर्द लाल. नदीपलीकडे भाड्याने घेतलेल्या जमिनीवर दोनशे कलमं लावलीत असं अर्जात लिहिलंय. खाली सही तुमची आहे. काकांचा वाण फसवणुकीचा ठरला आणि हे मूळ झाड तोडलं गेलं, की ताडून बघायला काही उरलंच नसतं. म्हणून काकांच्या त्रासाची एवढी काळजी. 'घरच्यांनी' सुचवलं, असं साहेब म्हणाले. कोण घरचे, साहेब?"

"हेच," संचालक म्हणाले आणि दोन पावलं बाजूला सरकले.

जावयाचा मऊ आवाज गेला. "मग काय करायचं होतं मी?" तो ओरडला. "चौदा वर्षं हे म्हातारं एका झाडाला कवटाळून बसलंय! मान्यता, मान्यता! वाण केंद्राच्या नावावर जाणार, यांना मिळणार एक प्रशस्तिपत्रक. मी जन्मभर शिडीवर! मी दोनदा सांगितलं, काड्या द्या, आपण स्वतः विकू. मला हाकलून दिलं. मी त्या झाडाचं सोनं केलं असतं!"

"केलंत की," बाई म्हणाल्या. "चाळीस फळांची माती केलीत. काळी पिशवी झाडाला घातलीत आणि काळिमा या माणसाच्या तोंडाला फासलात. घरच्या माणसाचा केसाने गळा कापलात. अर्ज आजच रद्द होईल, आणि अर्जासोबतच्या खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल पोलिसांत तक्रार मी स्वतः करणार आहे. साहेब, किल्लीबद्दल तुम्हालाही पत्र येईल. या वेळी मी वाचून सही करीन."

त्यांनी पर्समधून कागद काढला, शिडीच्या पायरीवर ठेवून आपलं पत्र मागे घेतल्याचं पाच ओळींत लिहिलं, सही केली आणि संचालकांच्या छातीवर धरला. करवतवाला न सांगता उठला आणि आपलं सामान आवरू लागला.

मुलगी नवऱ्याकडे बघतही नव्हती. ती वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, बारा दिवसांपूर्वी टेबलावरची फळं तुम्ही लांबून बघितलीत."

काकांनी नजर झाडाकडे वळवली.

"चाळीस वर्षं सफरचंदात काढलीत. जे बाईंना आज कळलं, ते तुम्हाला टेबलापाशीच कळलं."

"रंग बघून कळलं," काका हलकेच म्हणाले. "कुणाचा हात आहे तेही कळलं."

"आणि गप्प बसलात."

"झाड काय, पुन्हा लावता येतं. तुझा संसार—"

"माझा संसार!" तिचा आवाज फाटला. "बारा दिवस मी या माणसाला गरम पोळ्या वाढतेय. रोज त्याच्यासमोर रडतेय, की माझ्या बाबांना कुणी फसवलं? तो माझ्या पाठीवरून हात फिरवतोय. आणि तुम्हाला माहीत होतं! तुम्ही कोण हो माझा संसार वाचवणारे? तो मोडायचा की ठेवायचा, हे मला एकदा तरी विचारलंत?"

मुकादमबाईने तोंड फिरवलं. तिखटबाईंनाही मध्ये पडावंसं वाटलं नाही. इथे तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मुलगी नवऱ्याकडे वळली. "तुमचे कपडे संध्याकाळी ओट्यावर ठेवते. अंधार पडायच्या आत घेऊन जा."

तो काही बोलायला गेला. तिने हात वर केला आणि तो थांबला. मग ती पुन्हा वडिलांकडे आली. रडत नव्हती.

"आणि तुम्ही उद्यापासून कामावर यायचं. दाढी करून. डबा वेळेवर मिळेल. मी तुमच्याशी कधी बोलेन ते मला माहीत नाही."

काकांनी मान हलवली. ती फाटकाकडे चालू लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत काका बघत राहिले. मग वाकून त्यांनी अर्धं कापलेलं एक पान बोटांत धरलं, सोडलं, आणि मुकादमबाईला म्हणाले, "ती शिडी जरा धर. वर खोडाशी अजून एखादं फळ राहिलंय का बघतो. तिला आवडतं ते."